एकतिसाव्या पानावरची गाठ

मी बोलतेय, पण जरा हळू. मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. मी चित्रकलेची वही आहे. पानं चाळीस, पाठीला खाकी कापड आणि स्वभाव पहिल्यापासून भित्रा. मी पाण्याला भिते, उंदराला भिते, कात्रीला भिते. खोडरबराला तर फारच भिते. हसू नका. एकदा कुणाकडून तरी पाठ घासून घ्या, मग कळेल.

माझा जन्म सांगलीचा, साठ सालचा. एका बाइंडरानं कागद दाबून धरले आणि दाभणानं माझ्या पाठीला सहा भोकं पाडली. भीती तिथूनच अंगात शिरली असावी. पुढं इस्लामपूरच्या एका दुकानात मी चार महिने फळीवर पडून होते. शेजारच्या वह्या एकेक करून जात होत्या आणि कुठं जातात ते कळत नव्हतं. शेवटी आकाराम नावाच्या शाळामास्तरानं मला उचललं. त्याच्या धाकट्या बहिणीचं, जाईचं, लग्न ठरलं होतं.

"पोरी सासरी भांडी न्हेत्यात, आन् ही वही न्हेतीया," त्याची आई म्हणाली.

"न्हेऊ दे की. दुसरं कायबी मागितलं न्हाई तिनं."

जाई सातवीपर्यंत शिकलेली. कुठलीही नक्षी दिसली की तिचे हात शिवशिवायचे. पहिल्या पानावर तिनं पेन्सिल टेकवली तेव्हा मी अंग चोरलं. तिनं आईच्या लुगड्याचा रुईफुलाचा काठ काढला. मग त्याच्याच खाली तोच काठ वाकवून गोल केला, त्याला मणी लावले, मागं गोंडा काढला. लुगड्याचा काठ बघता बघता गळ्यातला दागिना झाला. मला ते आवडलं, पण धाकधूकही वाटली. ही मुलगी आपल्याला सुखानं राहू देणार नाही, हे मी त्याच दिवशी ओळखलं.

तिचं सासर उंब्रजचं, पटवेकऱ्याचं घर. सोनार मणी आणि वाट्या घडवतो, पण ते दोऱ्यात ओवून, गाठी मारून, गोंडा लावून गळ्यात घालण्याजोगं करतो तो पटवेकरी. जाईचे सासरे नाथाजी बाजारपेठेत घराच्या ओट्यावर बसायचे. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, ताणून धरायचा आणि दोन्ही हातांनी भराभर गाठी मारायच्या. जाईचा नवरा हरिबाही तेच काम करायचा. जाईनं ते नुसतं बघून उचललं.

दुपारी कामं आटोपली की ती मला उघडायची. नुसती चित्रं काढून ती थांबायची नाही. सुईनं मला टोचून दोऱ्यांचे नमुने पानावर शिवायची. सूत, रेशीम, जर, लोकर, एकदा तर केळीच्या सोपाचा धागा. खणाचे तुकडे खळीनं चिकटवायची आणि त्यांच्या रंगाला कुठला गोंडा शोभेल ते शेजारी रंगवायची. नवव्या पानावर तिनं वितळलेल्या लाखेचा थेंब टाकून बघितला होता. त्याचा डाग अजून आहे. पान जळालं नाही, पण मी त्या दिवशी अर्धी मेले. प्रत्येक नमुन्याखाली ती तारीख घालायची आणि काय झालं ते लिहायची. 'रेशीम सुरेख, पण घामानं रंग सोडते.' असं.

त्रेसष्ट साली हरिबा विषमज्वरानं गेला. जाई तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिच्या गळ्यातलं उतरवलं, ते तिनं स्वतःच गाठलेलं होतं. मला तिनं ट्रंकेत ठेवलं आणि कुलूप लावलं. दीड वर्ष मी अंधारात होते. ट्रंकेत कसर लागते हे ऐकून माहीत होतं. रोज वाटायचं, आज पहिलं भोक पडणार.

बाहेरचं मला नुसतं ऐकू यायचं. नाथाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका बाईच्या मंगळसूत्रात त्यांनी एका बाजूला मणी जास्त ओवले आणि ते त्यांना स्वतःला कळलंही नाही. बाईनं दाखवल्यावर ते आत येऊन बसले. जाईनं त्यांच्या हातातलं काम घेतलं.

"पोरी, डोरलं हाय ते," नाथाजी घाबरून म्हणाले. "तुज्या हातानं…"

"मग कुनाच्या हातानं, मामंजी? तुमास्नी दिसत न्हाई."

विधवेनं सवाष्णीच्या मंगळसूत्राला हात लावायचा नाही, हे गावात कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. जाईनं त्या दिवशी ते गाठलं. संध्याकाळी तिनं ट्रंक उघडून मला बाहेर काढलं. उजेड बघून मला रडू आलं.

तेव्हापासून त्या घरात एक नाटक सुरू झालं. मंगळसूत्र गाठायला आलेली बाई हळकुंड बांधलेला पिवळा दोरा गळ्यात घालायची, कारण गळा मोकळा ठेवायचा नसतो, आणि ओट्यावर बसून राहायची. नाथाजी अंगठ्याला दोरा अडकवायचे, दोन गाठी मारल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "आरं, मेण आतच ऱ्हायलं. आलोच." मंगळसूत्र घेऊन ते पडद्याआड यायचे. जाई भराभर गाठून द्यायची. नाथाजी बाहेर गेले की बाई म्हणायची, "आबा, वय झालं तरी हात काय चालतोय तुमचा!" नाथाजी खाली बघायचे.

नाथाजींचं मेण रोज आतच कसं राहतं, हे बाजारपेठेत एकाही बाईनं कधी विचारलं नाही. त्यांना खरंच कळलं नव्हतं की कळून त्या गप्प होत्या, हे मला आजही ठाऊक नाही. पण माझ्या जिवाला घोर लागला. जाईचं अक्षर, जाईच्या तारखा, जाईच्या हातचे नमुने, सगळं माझ्या पोटात होतं. मला कुणी उघडलं असतं तर त्या घराची चूल विझली असती.

पासष्ट सालच्या श्रावणात कृष्णात रजेवर आला. नदीपलीकडच्या वस्तीवर त्याचं घर होतं. ऊसवाले लोक, पण घरातला एक माणूस फौजेत असायचाच. त्याचा बाप बर्मात पडला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. आई येसूबाईनं त्याला एकटीनं वाढवलं होतं. राहीबाई त्याची बायको. कृष्णात नाथाजींकडे आला तो पांढऱ्या, चकचकीत दोऱ्याचं एक भेंडोळं घेऊन.

"आबा, प्याराशूटच्या दोरीतला धागा हाय ह्यो. नायलान म्हंत्यात. मानूस लोंबकळतो ह्याच्यावर. आमच्या राहीबाईचं डोरलं वरसातनं दोनदा तुटतंय, ह्याच्यात गाठा."

जाईचे डोळे पडद्याआड चमकलेले मी बघितले. नवा दोरा मिळाला की तिला भूक लागत नसे. तिनं तो जाळून बघितला, भिजवून बघितला, काळ्या रंगात उकळून बघितला. मग तुळईला बांधून त्याला वरवंटा टांगला. दोन दिवस वरवंटा लोंबत होता आणि त्याच्याखालून जाताना नाथाजी डोक्यावर हात धरत होते. दोरा तुटला नाही. जाईनं माझ्यात लिहिलं, 'मेण नीट धरत नाही. पण तुटत नाही.'

तिनं दोरा तपासला. गाठ तपासली नाही. सुताला मेण लावून मारलेली गाठ सुटत नाही, हे पटवेकऱ्यांच्या सात पिढ्यांना माहीत होतं. सुटू शकणारी गाठ तिच्या हाताला कधी भेटलीच नव्हती.

आठ दिवसांत कृष्णातला तार आली. रजा रद्द. एसटी पकडायला निघालेला तो राहीबाईला घेऊन थेट ओट्यावर आला. "आबा, आत्ताच्या आत्ता गाठा. माज्या डोळ्यासमोर तिच्या गळ्यात पडू दे." मेण आत राहिलं. जाईनं नायलॉनमध्ये मंगळसूत्र गाठलं, तीच पिढीजात गाठ मारली. उरलेल्या वीतभर दोऱ्यात चार काळे मणी ओवून तशीच गाठ तिनं माझ्या एकतिसाव्या पानावर शिवली आणि तारीख घातली.

बाहेर राहीबाईनं मंगळसूत्र घातलं, हळकुंडाचा दोरा सोडला. कृष्णात हसून म्हणाला, "आता ह्ये तुटत न्हाई बग. मी आल्यावरच काडायचं."

"तुमी येईस्तवर हात लावनार न्हाई," राहीबाई म्हणाली आणि तिनं गळ्यातल्या वाट्या हातात धरून शपथ घेतली. एसटी आली. कृष्णात गेला.

आता मला जे सांगायचंय ते सांगताना अजून पान थरथरतं. तिसऱ्या दिवशी एकतिसाव्या पानावर काहीतरी हललं. गाठीचं शेपूट, जे करंगळीच्या पेराएवढं होतं, ते अर्धं झालं होतं. कुणी ओढलं नव्हतं. नायलॉन आपणहून सरकत होता. चौथ्या दिवशी अजून थोडं. मला सगळं अंगावर कळत होतं आणि ओरडता येत नव्हतं. गौरी-गणपतीचे दिवस होते, जाई गौरींच्या दागिन्यांचे गोंडे करण्यात बुडाली होती. मला ती उघडेना. मी फळीवरून खाली पडायचा प्रयत्न केला. वह्या अशा पडत नाहीत. सहाव्या दिवशी गाठ उकलली. पहिला मणी घरंगळला आणि पानांच्या बेचक्यात अडकून राहिला.

नवव्या दिवशी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर लढाईची बातमी आली आणि सगळं गाव तिथं गोळा झालं. त्याच दुपारी जाईनं मला उघडलं. चारही मणी तिच्या मांडीवर पडले. तिनं उकललेला दोरा बघितला. 

"मामंजी," ती म्हणाली, "राहीबाईचं डोरलं सुटनार."

"तुटत न्हाई म्हनली व्हतीस की!"

"तुटत न्हाई. सुटतंय."

नाथाजी काठी टेकत त्याच पावली वस्तीवर गेले. तासाभरानं रिकाम्या हातानं परत आले. "जरा तपासाया द्या म्हनलं. येसूबाई म्हनली, पोरगं सरहद्दीवर आन् गळ्यातलं काडून देऊ? तुमाला काय याड लागलं का आबा? च्या पाजला आन् वाटंला लावलं."

"गळ्यातच गाठायचं मग. न काडता."

"कोन गाठनार? मी? मला दिसत न्हाई, आन् परक्या बाईच्या गळ्याला हात लावू?"

"मी जाते."

नाथाजींनी तिचा हात धरला. "जाई, समद्या गावाला कळंल. दुकान बसंल आपलं. परत एक सवाष्ण पायरी चढायची न्हाई."

"आन् लढाई चालू असताना तिच्या गळ्यातनं सुटून पडलं तर? ती जित्ती ऱ्हाईल का, मामंजी?" जाईनं हात सोडवून घेतला. "मला लय भ्या वाटतंय. पन जाते."

तिनं सूत, मेण, सुई घेतली आणि मलाही पदराखाली घेतलं. बाहेर भुरभुर पाऊस होता. वहीला पाऊस म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगू शकणार नाही. साकवावर पाण्याचे शिंतोडे येत होते. माझ्या एका कानाला जाईच्या काळजाचे ठोके ऐकू येत होते आणि दुसऱ्या बाजूनं मी भिजत होते. परत फिर, असं मी शंभरदा म्हटलं. माझं नशीब की तिला ते ऐकू गेलं नाही.

राहीबाई सोप्यात शेंगा फोडत होती. येसूबाई चुलीपाशी होती. जाई उंबऱ्यातच उभी राहिली. तिनं मला उघडलं, एकतिसावं पान पुढं धरलं आणि एका दमात सांगितलं.

"राहीबाई, तुमचं डोरलं आबांनी गाठलं न्हाई. मी गाठलं. वरीसभर समद्यांची मीच गाठती. नायलानाची गाठ ऱ्हात न्हाई, ही बगा, सुटली. माजी चूक हाय. मला शिव्या द्या, पन आदी गळ्यातलं धरा."

राहीबाईचा हात मानेमागं गेला. तिची बोटं तिथंच थांबली. "आत्याबाई," ती सासूकडं बघत पुटपुटली, "शेवटाला आलंय वं."

शेजारची एक बाई चुलीसाठी विस्तव मागायला आली होती, ती दारातच थबकली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. येसूबाई उठली. थोराड बाई, कपाळ पांढरं, हाताला पीठ. ती जाईसमोर येऊन उभी राहिली. ती मला हिसकावून चुलीत घालणार, अशी माझी खात्री झाली. चूल पेटलेलीच होती.

"विधवेचा हात," शेजारीण म्हणाली. "आगं बया!"

येसूबाईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं स्वतःचे पिठाचे हात वर केले. "माज्या कृष्णाला ह्याच हातानं घास भरवला. ह्याच हातानं न्हाऊ घातलं. त्यो तीन वरसाचा व्हता तवापास्नं ह्यो हात असाच हाय. मग मला कुनी का न्हाई म्हनलं, पोराला हात लावू नगं?" ती जाईकडं वळली. "बांद पोरी. काडू नगंस. गळ्यातच बांद."

राहीबाई पाटावर बसली. येसूबाईनं पुढून दोन्ही वाट्या घट्ट धरल्या आणि जाईनं मागून काम केलं. एक धागा सुताचा घालायचा, मग एक नायलॉनचा काढायचा, म्हणजे गळा क्षणभरही मोकळा राहत नाही. असं काम कुठल्याच पटवेकऱ्यानं केलं नसेल. घाईत तिच्या हातून एक मणी शेंगांच्या फोलपटांत पडला. राहीबाई न हलता म्हणाली, "सावकास, जाईबाई. मी कुटं पळत न्हाई." शेवटची गाठ मारल्यावर जाईनं ती दातानं ओढून बघितली, तीन वेळा.

भीती तिथं संपली असती तर किती बरं झालं असतं. शेजारणीनं संध्याकाळपर्यंत बातमी पोचवली. ओटा ओस पडला. नाथाजी अंगठ्याला दोरा अडकवून बसून राहायचे, समोर कुणी नसायचं. लढाई थांबल्याचं रेडिओनं सांगितलं, तरी कृष्णातचं पत्र आलं नाही. सहा आठवडे गेले. बाजारात बायका जाईला बघून पदर सावरायच्या. कृष्णात आला नसता तर त्याला मारणारा हात कुणाचा, हे गावानं ठरवून ठेवलं होतं. जाईनं त्या दिवसांत मला एकदाही उघडलं नाही. फळीजवळ यायची, माझ्यावर हात ठेवायची आणि तशीच जायची.

दिवाळीनंतर इस्पितळातून पत्र आलं आणि माघात कृष्णात आला, डाव्या पायानं लंगडत, पण चालत. तिसऱ्या दिवशी भर बाजारच्या वेळी राहीबाई ओट्यावर आली. तिनं हळकुंडाचा दोरा गळ्यात घातला, मंगळसूत्र काढलं आणि शेजारच्या दुकानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आबा, तुमी मेन आनाया जाऊ नगासा. जाईबाईला भाईर बोलवा. मला तिच्याच हातनं गाठून पायजे."

जाई बाहेर आली. ओट्यावर बसली, पदर सावरला आणि पहिल्यांदा उजेडात, सगळ्यांसमोर अंगठ्याला दोरा अडकवला. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. काही बायका तोंड फिरवून गेल्या, त्या आजतागायत आल्या नाहीत. काही थांबल्या. हळूहळू त्यांच्यातल्या काही बसल्या.

आज एकोणसत्तर साल आहे. सदुसष्टच्या भूकंपात भिंत पडली तेव्हा मी कौलांखाली दोन दिवस होते. माझी पाठ उसवली आहे. पण एकोणचाळीस पानं भरली आहेत. नायलॉनला कुठली गाठ मारायची तेही जाईनं शोधलं. तेहतिसावं पान बघा, दुहेरी फास आणि टोकाला विस्तवाचा चटका.

राहिलं ते चाळिसावं पान. गेल्या महिन्यात येसूबाई ओट्यावर बसली होती. माझी पानं उलटता उलटता म्हणाली, "समद्यांच्या गळ्याचं काडलंस गं. तुज्या गळ्याचं कुटं हाय?" दुसऱ्या दिवसापासून चाळिसाव्या पानावर जाई एक माळ काढू लागली. सोनं नाही, काळा मणी नाही. नुसता दोरा. खणाच्या रंगांचा, गाठी गाठींचा, मधोमध रुईफुलाचा तोच जुना काठ. मग तिनं ती खरोखर गाठली, पुरी, गळ्याच्या मापाची. आणि घालायच्या ऐवजी, नमुना असल्यासारखी, चार टाक्यांनी माझ्यावर शिवून टाकली.

रोज दुपारी ती मला उघडते. टाक्याखाली नख घालते. कुणाची चाहूल लागली की मिटते. तिची भीती मला ओळखू येते, माझं सगळं आयुष्य भीतीतच गेलं.

जाईबाई, मला बोलता येत नाही हे मला त्या नऊ दिवसांत कळून चुकलंय. तरी सांगते. ओढ ते टाके. जोरानं ओढ. पान माझं शेवटचं आहे आणि कागद जुना झालाय, फाटेल, हे मला माहीत आहे. फाटण्याला मी जन्मभर भ्याले. हे एक पान मात्र तू फाड, आणि ती माळ गळ्यात घालून ओट्यावर जाऊन बस.